पाचव्यांदा जमलं

डिसेंबर २०२३ मधल्या एका गुरुवारी, चौथ्या तासाला, आठवीच्या मुलांना मी प्रयोगशाळेत नेलं. आम्ल-आम्लारीचा धडा चालू होता. परीक्षानळीत जस्ताचे तुकडे टाकायचे, त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचं आणि बुडबुडे येऊ लागले की नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरायची. हायड्रोजन ‘फट्’ आवाज करत जळतो. वीस वर्षं मी हा प्रयोग दाखवते आहे आणि त्या आवाजाला मुलं दरवर्षी तितकीच दचकतात. त्या दिवशी मागच्या टेबलाशी एका मुलानं फसफसणारी नळी उचलली आणि शेजारच्याच्या डोळ्यांपुढे नेऊन म्हणाला, “घे, वास घे.” मी धावले. त्याचं मनगट धरलं, नळी हिसकावली, त्याला मागे ओढलं आणि ओरडले.

काय ओरडले ते आधीच सांगून टाकते. “अक्कल गहाण टाकलीस का? जा, बाजारात माळवं विकायला बस. शाळेत येऊ नकोस.”

मुलांना शाळेत फोन आणायला बंदी आहे. तरी एकाच्या दप्तरात तो होता आणि त्यानं तो काढला. व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा. माझा हात मुलाच्या मनगटावर पडतो तिथून सुरू होतो आणि ‘शाळेत येऊ नकोस’ला संपतो. त्याआधीचं काही त्यात नाही. परीक्षानळी दिसते, पण माझ्या मुठीत काहीतरी चमकतंय इतकीच. दुसऱ्या मुलाचा चेहरा, त्याचे मिटलेले डोळे, काहीच नाही.

संध्याकाळी तो मुलांच्या ग्रुपवर होता. आठच्या सुमारास एका मोठ्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवर आला. दहाला गावच्या बातम्या देणाऱ्या एका फेसबुक पानावर चढला. मथळा होता, ‘मांजरीच्या शाळेत शिक्षिकेची विद्यार्थ्याला मारहाण?’ शेवटी प्रश्नचिन्ह. मारहाण वाचणारा प्रश्नचिन्ह वाचत नाही. त्याशेजारी माझा फोटो लावला होता, हसतानाचा. तो माझ्याच यूट्यूब चॅनेलवरून उचललेला. २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्या संध्याकाळी मुलांबरोबर काढलेला.

मी इथे २००३ साली रुजू झाले तेव्हा मांजरी बुद्रुक हे गाव होतं. आजूबाजूला द्राक्षबागा होत्या. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली इथेच आलं, ते उगीच नाही. आम्ही मुलांना कधी तिथे न्यायचो, कधी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये. शिक्षकाचं नाव तेव्हा रेल्वेच्या फाटकाशी ठरायचं. फाटक लागलं की सायकली, टेम्पो, दुधाच्या किटल्या थांबायच्या आणि ‘त्या विज्ञानाच्या बाई कडक आहेत, पण पोरं शिकतात’ असं काहीतरी कुणीतरी कुणालातरी सांगायचं. आपल्याबद्दल वाईटही बोललं जायचं. पण बोलणारा आणि ऐकणारा दोघंही आपल्याला पाहिलेले असायचे. ३० जून २०२१ ला हे गाव पुणे महापालिकेत आलं. बागांच्या जागी इमारती आल्या आणि शाळेच्या पटावर दोन प्रकारची घरं आली. एक, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहणारी. दुसरी, पाच-सात वर्षांत आलेली, मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी होते ती त्या एकोणीस सेकंदांतली.

चॅनेल कसं सुरू झालं तेही सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं राज्यभर चाललं होतं. मी स्वयंपाकघरात फोन डब्यांवर टेकवून प्रयोग दाखवायला लागले. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी, लिंबू आणि खायचा सोडा. मग ३ डिसेंबर २०२० ला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ग्लोबल टीचर प्राइजचे मानकरी ठरले. दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातलं अर्धं त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिलं. आम्हा सगळ्या शिक्षकांची त्या दिवशी मान ताठ झाली होती, माझीही. एक प्राथमिक शिक्षक पुस्तकात क्यूआर कोड आणतो आणि जग त्याची दखल घेतं, म्हणजे आपलंही काम दिसलं पाहिजे, असं वाटू लागलं. ते वाटणं खोटं नव्हतं. शाळा उघडल्यावर मी वर्गातले व्हिडिओ टाकू लागले आणि प्रयोगांपेक्षा मुलांचे व्हिडिओ जास्त पाहिले जातात हे माझ्या लवकर लक्षात आलं. मुलाचा चेहरा असला की लोक थांबतात.

त्या रात्री पालकांच्या ग्रुपवर पाठवायला मी लांबलचक उत्तर लिहिलं. आम्ल डोळ्यांत गेलं असतं तर काय झालं असतं, वीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही, तुम्ही माझे किती विद्यार्थी आज कुठे आहेत ते विचारा, असं सगळं. माझी मुलगी मगरपट्ट्यात नोकरी करते. तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, “आई, पाठवू नकोस. आत्ता रागात लिहिलंयस. उद्या याचेही तुकडे करून फिरवतील.” मग तिनं मला वही आणून दिली. “आधी इथे लिही. फक्त काय घडलं ते. वेळेनुसार.”

मी लिहिलं. तास कधी सुरू झाला, कोणत्या टेबलावर कोण, आम्ल किती, नळी कोणाच्या हातात. अर्धं पान झालं. त्यात माझं वाक्य येईपर्यंत मला सगळं बरोबर वाटत होतं. ते वाक्य लिहायला मात्र हात पुढे जाईना. मी आधी ‘रागावले’ असं लिहिलं. मग खोडलं आणि जसं बोलले तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सरांनी लेखी खुलासा मागितला. आमच्या शाळेसारख्या अनुदानित खासगी शाळांना १९८१ चे सेवाशर्ती नियम आहेत, त्यामुळे हे त्यांना करणं भागच होतं. मी वहीतलं पान उतरवून दिलं. सर वाचता वाचता थांबले. “मॅडम, हे वाक्य लिहायलाच हवं का? व्हिडिओत आवाज नीट नाहीये. मुलं ओरडतायत मध्येच.” ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. मी म्हटलं, “सर, राहू द्या.” बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातलं सतरावं कलम मी त्या सकाळीच वाचून आले होते. त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. मनगट धरलं ते मुलाला वाचवायला, हे मी कुठेही सांगू शकत होते. माळव्याचं वाक्य कशासाठी बोलले, हे मला कुणालाच सांगता आलं नसतं.

एक गोष्ट तेव्हापासून मनात टोचते. मांजरीला जोतीराव फुल्यांची शेती होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केला, आणि त्यात शेतकऱ्याच्या अपमानाचा जो हिशोब मांडला त्यामागे ही आसपासची जमीन पाहिलेला माणूस होता. दरवर्षी २८ नोव्हेंबरला त्यांच्या स्मृतिदिनी मी मुलांना हे सांगते. त्या वर्षीही सांगितलं होतं. त्यानंतर दोन आठवडे झाले असतील नसतील, त्याच गावात, शेतकऱ्याच्या पोराला मी ते वाक्य सुनावलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले. सर म्हणाले, एकट्या जाऊ नका, म्हणून आमच्या एका शिक्षिकेला बरोबर घेतलं. मुळा-मुठेच्या काठी खंडानं घेतलेली जमीन, कडेला पत्र्याचं घर. वडील, आई आणि आजी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते, मांजरीच्या उपबाजारात न्यायला. आईनं उठून पाणी दिलं. वडील उठले नाहीत. हात चालूच होते.

मी नळीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पोरगं वांड आहे, ते त्यांनाही माहीत होतं. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही दोन ठेवून दिल्या असत्या तर मी शाळेत आलोपण नसतो. पण तुम्ही माळव्याला नावं ठेवलीत. ह्याच माळव्यावर त्याची फी, त्याचा गणवेश. पोरगं कालपासनं म्हणतंय, मी जुड्या बांधायला बसणार नाही, पोरं हसत्यात.”

मला वाटलं होतं मी समजावायला आले आहे. माझ्याकडे समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, “चुकलं माझं. त्याच्यासमोर म्हणते.” आजीनं त्याला आतून हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला, तेरा वर्षांचा, शर्टाच्या बाह्या चावत. मी त्याला म्हटलं, “नळी तू शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरलीस ते चुकलं आणि त्याबद्दल मी पुन्हा रागावेन. पण मी जे बोलले ते चुकलं. तसं बोलायला नको होतं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, माझा तो व्हिडिओ काढा ना.”

मला वाटलं, तो एकोणीस सेकंदांबद्दल बोलतोय. म्हटलं, “अरे, तो मी नाही टाकला.”

“तो नाही. तुमचा. गुरुत्वाकर्षणाचा.”

आदल्या वर्षी, तो सातवीत असताना, वर्गात ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द त्याला म्हणता येत नव्हता. चार वेळा अडखळला. चौथ्यांदा सगळा वर्ग हसला, तोही हसला. पाचव्यांदा त्यानं तो नीट म्हटला आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी ते चित्रित केलं होतं. ‘पाचव्यांदा जमलं!’ असं नाव देऊन टाकलं होतं. माझ्या चॅनेलवर सर्वात जास्त पाहिलेला व्हिडिओ तोच. ओळखीच्या अनेक शिक्षकांनी ‘मॅडम, हेच खरं शिक्षण’ असं लिहिलं होतं. मला तो फार आवडायचा. तो मुलगा वर्षभर ‘गुरुत्वा’ या नावानं हाका ऐकत होता. नदीकाठच्या पोरांपासून सोसायटीच्या बसमधल्या मुलांपर्यंत सगळे त्याला तेच म्हणत. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, त्याला किंवा त्याच्या घरी.

तिथेच, मेथीच्या ढिगाशेजारी उभं राहून मी फोन काढला आणि तो व्हिडिओ काढून टाकला. त्याला दाखवला, गेलेला. तो आत निघून गेला. वडिलांनी पहिल्यांदा हात थांबवले आणि म्हणाले, “बसा. चहा घ्या.”

रविवारचा दिवस मी चॅनेल उघडून बसले. शंभराहून जास्त व्हिडिओ होते. चुकणारी मुलं, रडून मग हसणारी मुलं, वहीवर गिरगटलेल्या अक्षराची मुलगी आणि तीन महिन्यांनंतरचं तिचं सुंदर अक्षर. प्रत्येकात मी चांगली शिक्षिका दिसत होते. माझं ते चांगलं दिसणं मुलांच्या चुकण्यावर उभं होतं. आमच्या क्षेत्रात सध्या ‘शिक्षकानं आपली डिजिटल ओळख जपावी’ असं प्रशिक्षणांत सांगतात. त्यात वैयक्तिक खातं वेगळं ठेवा, विद्यार्थ्यांशी खाजगी संदेशांतून बोलू नका, पालकांच्या ग्रुपवर फक्त सूचना द्या, असं बरंच उपयोगी असतं. तो सल्ला मी पाळतेही. पण त्यातलं बहुतेक शिक्षकाचं नाव कसं राखायचं याबद्दल असतं. ते नाव कुणाच्या चेहऱ्यानं बनतंय, हे मला एका तेरा वर्षांच्या मुलाकडून कळावं लागलं. रात्रीपर्यंत जिथे मुलांचे चेहरे होते ते सगळे मी काढले. तीसेक उरले. त्यांत नुसते हात, नळ्या, हळदीचे कागद.

पुढच्या आठवड्यात शिक्षक-पालक संघाची सभा बोलावली. सरांची इच्छा होती की मी थोडक्यात आटपावं. मी तोच प्रयोग तिथे करून दाखवला. सगळ्यांना दोन हात लांब उभं केलं आणि आम्ल ओतलं. फट् आवाज झाल्यावर एक बाई मागे सरकल्या. मग मी सांगितलं, हीच नळी इतकी जवळ होती. आणि त्यानंतर ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, आणि ते चुकीचं होतं असं म्हटलं. त्या मुलाचे वडील सभेला आले होते. बोलले काही नाहीत, पण आले होते, आणि गावातल्या लोकांसाठी तेवढं पुरेसं होतं. सोसायटीतल्या एका पालकानं विचारलं, “मग व्हिडिओ काढणाऱ्या मुलाचं काय करणार?” मी म्हटलं, त्याच्या आई-वडिलांशी सर बोलले आहेत, नाव इथे घेणार नाही. त्या मुलाला काढून टाका असं म्हणणारे होते. मला ते कधीच पटलं नाही. वर्गात फोन काढून चित्रित करायचं असतं, हे तो माझ्याकडेच पाहून शिकला होता.

पालकांच्या ग्रुपची अ‍ॅडमिन असलेली बाई घाबरून गेली होती. कुणीतरी तिला पोलिसांची भीती घातली होती. सभेतल्या एका वकील पालकानं तिला सांगितलं की, सदस्यानं टाकलेल्या मजकुराला केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तसं म्हटलंय. तिनं व्हिडिओ ग्रुपवरून काढला. अर्थात ज्यांच्या फोनमध्ये उतरला होता तिथे तो राहिलाच. फेसबुकवर मी तक्रार नोंदवली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तेव्हा अशा कंपनीनं तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत द्यायचा असे, आणि तो मान्य नसेल तर वर अपील समितीकडे जाता येई. पण त्याची वेळच आली नाही. मुलाच्या वडिलांनी त्या पानाच्या माणसाला फोन केला, “माझ्या पोराचं तोंड दिसतंय त्यात, उतरव.” त्याच दिवशी उतरला. मी माझ्या बदनामीबद्दल लिहिलेली दोन पानी तक्रार आणि त्यांचं ते एक वाक्य, यांतलं काय चाललं ते उघड आहे.

शाळेच्या गूगल नकाशावरच्या पानावर त्या आठवड्यात ज्यांनी एकेक तारा दिला होता, त्यांतले काही शेरे गेले, काही आहेत. ज्यांची मुलं आमच्या शाळेत कधी नव्हती, अशांचेही आहेत. एका वेगळ्या खात्यावर त्या व्हिडिओची प्रत अजून आहे. माझं नाव आणि शाळेचं नाव एकत्र शोधलं की ती पहिल्या पानावर येते. मुलीनं दोनदा तक्रार केली, मग मीच तिला थांबवलं.

कायदाही या बाजूनं हलतो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा केंद्राचा कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती हवी, असं त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्याआधी, २८ जुलै २०२५ ला, राज्य शासनानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचा निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, योजना यशस्वी झाल्याचं सांगा पण त्यात स्वतःची प्रशंसा नको, असं त्यात आहे. सरांनी तो शिक्षक-खोलीत वाचून दाखवला तेव्हा तो खासगी अनुदानित शाळांना लागू होतो का, यावर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वाद झाला. मी ‘स्वयंप्रशंसा’ या शब्दापाशीच थांबले होते.

आता प्रवेशाच्या अर्जाबरोबर आम्ही एक वेगळा कागद देतो. मुलाचा फोटो किंवा व्हिडिओ शाळेनं वा शिक्षकानं कुठे टाकला तर चालेल का, हो किंवा नाही. नंतर मत बदललं तर कळवा, काढून टाकू. मूल सहावीच्या पुढचं असेल तर त्याचीही सही घेतो. हा कागद मीच तयार केला.

२०२५ च्या जूनमध्ये एक आई सातवीतल्या मुलीला घेऊन आली. लातूरकडची, नवरा हडपसरच्या एका कारखान्यात. अर्ज घेताना तिनं फोन माझ्यासमोर धरला. “मॅडम, ह्या तुम्हीच का?”

“हो, मीच.”

तिला बसवलं. प्रयोगशाळा उघडून नळी दाखवली, टेबल दाखवलं. मनगट का धरलं ते सांगितलं आणि वाक्य का चुकलं तेही. पाऊण तास गेला. तिचे प्रश्न मोजके होते, पण नेमके होते. तो मुलगा आता कुठंय, हे तिनं विचारलं. म्हटलं, इथेच, दहावीला, आणि हायड्रोजनचा प्रयोग धाकट्यांना तोच करून दाखवतो, नळी लांब धरून.

तिनं मुलीकडे पाहिलं, मग अर्ज पुढे ओढला. फोटोच्या कागदावर मुलीनंच आईच्या हातातून पेन घेतलं. ‘नाही’वर खूण केली, खाली सही केली आणि तो कागद माझ्याकडे सरकवला.